दहा योजनांचा मुलूख

जळगावहून धुळ्यास निघालेला खान्देशी मनुष्य अंतराची चौकशी किलोमीटरांत क्वचितच करतो. ‘धुयाले जावाले कितला टाइम लागस?’ असा त्याचा प्रश्न असतो, आणि त्यास मिळणारे उत्तरही तासांतच असते. नकाशावर या दोन शहरांच्या मध्यबिंदूंना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ८३ किलोमीटर भरते. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे अशा गावांवरून जाणारा हमरस्ता नव्वद किलोमीटरांच्या थोडा पुढे जातो. आणि लोहमार्गानेच जावयाचे असा कोणी हट्ट धरला, तर चाळीसगावास जाऊन, तेथे गाडी बदलून, त्यास जवळजवळ दीडशे किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. एकाच दोन शहरांमध्ये अशी तीन अंतरे नांदत आहेत, आणि चौथे अंतर, म्हणजे वेळ, हे ऋतू, वाहन आणि रस्त्याची अवस्था यांच्या मर्जीप्रमाणे रोज नव्याने ठरत असते.

हल्ली कोणत्याही दोन शहरांची नावे यंत्रास सांगितली की ते त्यांच्यामधील हवाई अंतर आणि विमानास लागणारा वेळ निमिषार्धात सांगते. जळगाव आणि धुळे ही नावे दिली तर तेथेही दहा-बारा मिनिटांचा आकडा हजर होतो, आणि हे उत्तर गणिताच्या दृष्टीने निर्दोषही असते. तथापि या दोन शहरांमध्ये नियमित प्रवासी विमान आज उडत नाही, हे त्या आकड्यात कोठेही दिसत नाही. हा आकडा सिद्ध कसा होतो, त्यात काय धरले जाते आणि काय सोडले जाते, आणि खान्देशासारख्या मुलखाने विमानाकडे नेमके काय मागावे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाटण्याचा शिलालेख

दोन स्थळांमधील अंतर पृथ्वीच्या गोलाकारावरून मोजण्याची विद्या खान्देशास परकी नाही. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या सातमाळा रांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचे गाव आहे. तेथील पाटणादेवीच्या परिसरातील एका मंदिरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात जो शिलालेख आढळला, त्यावरून भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव, याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून शके ११२८ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपास, तेथे मठ स्थापिल्याचे आणि निकुंभ वंशातील स्थानिक राजांनी त्यास दान दिल्याचे कळते. सिद्धान्तशिरोमणीच्या पठनासाठी द्रव्याची आणि धान्याची कायम तरतूद करून देणारा हा लेख खान्देशाच्या विद्येतिहासातील अत्यंत मोलाचा दस्तऐवज होय.

शके १०३६ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने मानला आहे, आणि तो कसा काढावा याची युक्तीही गोलाध्यायात सांगितली आहे. विषुववृत्तापासून अवंती, म्हणजे उज्जयिनी, पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागावर आहे. तेव्हा तेथपर्यंतचे अंतर मोजून त्यास सोळांनी गुणले की परीघ हाती येतो. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरील दोन स्थळांच्या अक्षांशांतील फरक आणि त्यांच्यामधील भूमीचे माप यांवरून सबंध गोलाचे माप काढण्याची ही रीत तत्त्वतः आजही तशीच ग्राह्य आहे. पूर्वपश्चिम अंतरासाठी आपल्या ज्योतिषशास्त्रात देशान्तर नावाचा संस्कार आहे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांवरून जाणारी ती मध्यरेषा मानून, तिच्यापासून आपले गाव किती योजने पूर्वेस वा पश्चिमेस आहे हे पाहावयाचे, आणि त्या योजनांचे रूपांतर घटिका-पळांत करावयाचे. अंतर देऊन वेळ घेण्याचा हा व्यवहार आठशे वर्षांपूर्वी पाटण्याच्या मठातील विद्यार्थी करीत असतील.

योगायोग असा की जळगाव या प्राचीन मध्यरेषेच्या अगदी लगत आहे. उज्जैन ७५.८ रेखांशाच्या जवळ, तर जळगाव ७५.६ च्या जवळ. धुळे ७४.८ वर, म्हणजे जळगावच्या पश्चिमेस पाऊण अंशाहून किंचित अधिक. पृथ्वीचा आजचा ज्ञात परीघ आणि भास्कराचार्यांची ४९६७ योजने यांचे प्रमाण मांडले, तर एक योजन आठ किलोमीटरांच्या थोडे वर येते, आणि जळगाव-धुळे हे अंतर दहा योजनांच्या जवळपास भरते. विषुववृत्तापासून उत्तरेस सरकावे तसे पूर्वपश्चिम वर्तुळ लहान होत जाते, म्हणून भास्कराचार्य स्पष्ट भूपरिधी काढण्यास सांगतात. तो काढून हिशेब केला म्हणजे या दहा योजनांसाठी सुमारे आठ पळांचे देशान्तर येते. एक पळ २४ सेकंदांचे. तेव्हा जळगावच्या माथ्यावर आलेला सूर्य धुळ्याच्या माथ्यावर येण्यास तीन मिनिटांहून किंचित अधिक काळ घेतो. घड्याळ दोन्ही शहरांत एकच वेळ दाखवीत असले, तरी प्रमाणवेळेच्या रेषेपासून जळगावचा सूर्य २८ आणि धुळ्याचा ३१ मिनिटे मागे असतो.

पृथ्वी गोल आहे म्हणून दोन शहरांमधील हवाई अंतर सरळ रेषेने न मोजता महावृत्ताच्या कंसाने मोजतात. एवढ्या लहान टप्प्यात मात्र या वक्रतेचे माप नगण्य आहे. जळगावहून धुळ्यापर्यंत भूमीच्या पोटातून अगदी सरळ दोरी ताणता आली असती, तर तिच्या लांबीत आणि पृष्ठभागावरील कंसाच्या लांबीत सुमारे साठ सेंटिमीटरांचाच फरक पडला असता. प्रवासाचे तास वाढविणारी कारणे भूमितीत शोधून सापडणार नाहीत. ती इतिहासात आहेत.

एक मुलूख, दोन कचेऱ्या

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खान्देश इंग्रजी अंमलाखाली आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुलखाच्या कारभारासाठी धुळे हे ठिकाण पसंत केले. पांझरेच्या काठचे हे गाव मुलखाच्या मध्याजवळ होते आणि दक्षिणेतून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर होते, एवढे त्या काळी पुरेसे होते. मजल-दरमजल करीत जाणाऱ्या स्वारीस आणि टपालाच्या हरकाऱ्यास अंतर पायांनी तोडावे लागे. आणि सुमारे दहा हजार चौरस मैलांच्या जिल्ह्यात रावेर-यावलकडील रयतेस महसुलाच्या वा फिर्यादीच्या कामासाठी धुळ्याच्या कचेरीत रुजू होणे म्हणजे कित्येक दिवसांचा संसार मागे ठेवून निघणे होते. १९०६ मध्ये सरकारने या जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पूर्व खान्देशाचे ठाणे जळगावी नेले, आणि धुळे पश्चिम खान्देशापुरते राहिले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाल्यावर या जिल्ह्यांस जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला.

परंतु दोन ठाणी होण्यापूर्वीच लोहमार्गाने त्यांचे भवितव्य निराळे केले होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग थळ घाट चढून मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा भुसावळास गेला. जिल्ह्याचे मुख्य ठाणे असूनही धुळे या मार्गाच्या बाहेर राहिले, आणि चाळीसगावहून ५६ किलोमीटरांचा फाटा धुळ्यास पोहोचण्यास १९०० साल उजाडावे लागले. त्याच सुमारास सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर या गावांवरून जळगावास मिळाली. तीही धुळ्यास वगळूनच. अशा रीतीने एका बाजूस मुख्य मार्ग आणि उत्तरेस तापीकाठचा मार्ग यांच्या मध्ये धुळे अडकून पडले, आणि एकाच भाषेच्या, एकाच पिकापाण्याच्या या दोन शहरांना थेट जोडणारा रूळ आजतागायत पडला नाही. जळगावचा कापूस, केळी, डाळ आणि सोने यांचा व्यापार वाढण्यास जी अनेक कारणे घडली, त्यांत मुंबईशी आणि नागपूरशी असलेली ही अखंड लोहवाट अग्रभागी मानावी लागेल.

धुळ्याचे भाग्य रस्त्याने राखले. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरतेहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारा, पूर्वी ६ आणि आता ५३ क्रमांक धारण करणारा राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांस छेदतात. जळगाव-धुळे हा प्रवास या दुसऱ्या मार्गाने होतो. गिरणा, बोरी, पांझरा या तापीकडे उत्तरेस धावणाऱ्या नद्यांना हा पूर्वपश्चिम रस्ता आडवा जातो, त्यामुळे पूल हे त्याचे मर्म. तरसोद ते फागणे या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हा अरुंद रस्त्यावर मालमोटारींच्या रांगांमागून जाणाऱ्या एस.टी.ने किती वेळ घेतला असेल ते त्या मार्गावरील नित्याच्या प्रवाशांनी सोसले आहे. ८३ किलोमीटरांचे हवाई अंतर त्या सर्व काळात तसूभरही बदलले नव्हते.

दोन धावपट्ट्या

१९७० च्या दशकात सार्वजनिक बांधकाम खात्याने जळगावजवळ कुसुंब्यास आणि धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्ट्या बांधल्या. मंत्र्यांचे दौरे, आपत्तीच्या प्रसंगी मदत, क्वचित एखाद्या उद्योजकाचे खासगी विमान, एवढाच त्यांचा उपयोग दीर्घकाळ होता. पुढे गोंदूरच्या धावपट्टीवर १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने वैमानिक प्रशिक्षण सुरू केले, शिरपूरजवळही एका शिक्षणसंस्थेची धावपट्टी झाली, आणि अलीकडे जळगावच्या विमानतळासही प्रशिक्षणकेंद्राची मंजुरी मिळाली. प्रवासी विमाने नसतानाही खान्देशाच्या आकाशात दिवसभर जी घरघर ऐकू येते, ती या शिकाऊ विमानांची.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी उमेदवारास २०० तासांचे उड्डाण आणि त्यातच किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरण्याचा, एक दीर्घ प्रवास पुरा करावा लागतो. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा, म्हणजे पृथ्वीच्या महावृत्ताच्या एका कलेएवढा. अंश-कलांचे मोजमाप वैमानिकाने असे आजही जिवंत ठेवले आहे. जळगावहून धुळ्याकडे जाणारी दिशा पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे झुकलेली. ताशी २०० किलोमीटर वेगाच्या छोट्या विमानास हा टप्पा पंचवीस मिनिटांचा. उत्तरेस सातपुड्याची निळसर भिंत, दक्षिणेस अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगरांची ओळ, त्या दोहोंमध्ये पसरलेली काळी कपाशीची जमीन, आणि खाली एकामागून एक येणाऱ्या नद्या: या खुणांवरून आपण कोठे आहोत आणि वारा आपणास कितपत बाजूस सारतो आहे याचा अंदाज घेत, नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साह्याने शिकाऊ वैमानिक मार्ग राखतो. अंतर भागिले वेग हे शाळेतील गणित येथे जिवावरचे होते.

प्रवासी विमानाची कहाणी मात्र खंडित आहे. जळगावच्या धावपट्टीचे विस्तारीकरण होऊन २०१२ मध्ये, याच जिल्ह्याच्या कन्या असलेल्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या कारकिर्दीत, नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. परंतु नियमित विमानासाठी आणखी पाच वर्षे जावी लागली. लहान शहरांना जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे अठरा-एकोणीस आसनांचे विमान मुंबईहून आले, आणि काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटच्या मुंबई आणि अहमदाबाद फेऱ्या सुरू झाल्या. २०२२ च्या आरंभी त्या कंपनीचेच उड्डाण थांबले. २०२४ मध्ये फ्लाय ९१ या कंपनीने गोवा, हैदराबाद आणि पुणे या शहरांशी, आणि अलायन्स एअरने मुंबईशी जळगाव पुन्हा जोडले. प्रत्येक वेळी जळगाव-मुंबई अंतर तासाभरावर आले आणि प्रत्येक वेळी, सेवा थांबली तेव्हा, ते पुन्हा रात्रभराच्या रेल्वेप्रवासाएवढे लांब झाले.

एका तासाची फोड

जळगाव आणि मुंबई येथील विमानतळांमध्ये महावृत्ताने सुमारे ३५५ किलोमीटर अंतर आहे. लोहमार्गाने तेच ४२० किलोमीटर. या मार्गावर चालणारे पंख्यांचे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास वेग गाठते, तेव्हा निव्वळ भागाकाराने पाऊण तासाहून कमी वेळ येतो. वेळापत्रकात मात्र तास-सव्वातास लिहिलेला असतो, आणि तेथे काही लबाडी नाही. वेळापत्रकातील वेळ विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून गंतव्य स्थानी ते पुन्हा लावीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरपटणे, चढण घेताना कमी असणारा वेग, ठरलेल्या हवाई मार्गाने घ्यावे लागणारे वळण आणि उतरताना करावी लागणारी प्रदक्षिणा ही सर्व त्यातच येतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळी एकीचाच वापर करता येतो, आणि गर्दीच्या प्रहरी लहान विमानास आकाशात घिरट्या घालीत थांबावे लागते.

वाऱ्याचा हिशेब निराळाच. समोरून ताशी ६० किलोमीटरांचा वारा असेल तर हे अंतर काटण्यास ४८ मिनिटे, आणि तोच वारा पाठीशी असेल तर ३८ मिनिटे लागतील. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे प्रबळ असतात, तेव्हा मुंबईहून जळगावास येणारे विमान परतीच्या विमानापेक्षा लवकर पोहोचावे हे स्वाभाविक होय.

खान्देशाचा उन्हाळा हा तर विमानशास्त्राचा स्वतंत्र अध्यायच आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटर उंचीवर अशा तापमानात हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ होते. विरळ हवेत पंखांस उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि जमीन सोडण्यापूर्वी विमानास अधिक लांब धावावे लागते. जळगावची धावपट्टी सुमारे सतराशे मीटरांची. तीवर सत्तर आसनांचे एटीआर सुखाने चालते, परंतु एअरबस वा बोईंगच्या नेहमीच्या मोठ्या जेट विमानांस ती तोकडी पडते. मोठे विमान येत नाही म्हणून आसने थोडी, आसने थोडी म्हणून दर आसनी खर्च अधिक, आणि खर्च अधिक म्हणून शासकीय साह्याची मुदत संपताच कंपनीचा पाय मागे, अशी ही साखळी आहे. प्रवासी नाहीत म्हणून सेवा बंद पडते असे म्हणणे सोपे आहे. पण जी सेवा पुढच्या दिवाळीस असेल की नाही याची शाश्वती नाही, तिच्या भरवशावर व्यापारी आपला करार, रुग्ण आपल्या शस्त्रक्रियेची तारीख आणि विद्यार्थी आपली परीक्षा ठेवीत नाही.

खान्देशाने काय मागावे

आता जळगाव-धुळे विमानाचाच विचार करू. एटीआर आकाशात बारा-पंधरा मिनिटे राहील. परंतु कुसुंब्यास जाणे, तासभर आधी हजर होणे, सामानाची आणि अंगाची तपासणी, उतरल्यावर गोंदूरहून धुळे शहरात येणे, हे सर्व धरता दोन-अडीच तास सहज मोडतात, आणि तेवढ्यात एस.टी. धुळ्याच्या स्थानकात उभी राहते. शंभर किलोमीटरांच्या आतील शहरांसाठी प्रवासी विमान हा उपाय नव्हे. मुंबईसाठी घरापासून घरापर्यंत चार तास धरले, तर जळगावकराचे रेल्वेपेक्षा तीन-एक तास आणि एक झोप वाचते. पुण्याबाबत लाभ अधिक आहे, कारण हवाई अंतर ३२० किलोमीटरांच्या आत असताना दौंडमार्गे लोहमार्ग पावणेपाचशे किलोमीटरांचा होतो. हैदराबाद हवेतून पाचशे आणि गोवा सहाशे किलोमीटरांवर. तेथे जमिनीवरील प्रवास पुरा दिवस वा पुरी रात्र गिळतो, आणि विमानाचे खरे मोल तेथे कळते.

धुळेकराच्या दृष्टीने हे गणित पुन्हा बदलते. मुंबई त्यास सडकेने सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास. तीसाठी आधी नव्वद किलोमीटर उलट पूर्वेस जाऊन विमानात बसणे शहाणपणाचे नाही. पण हैदराबादेस वा गोव्यास जाताना जळगावचा विमानतळ हाच त्याचाही विमानतळ आहे, आणि त्याचा हवाई प्रवास धुळ्याच्या बसस्थानकावरच सुरू होतो. यास्तव दोन जिल्ह्यांनी आपापल्या धावपट्टीसाठी मुंबई-दिल्लीचे उंबरठे स्वतंत्रपणे झिजविण्यापेक्षा, प्रवासी विमाने जळगावास आणि प्रशिक्षण धुळ्यास, अशी वाटणी मान्य करून, विमानाच्या वेळेशी बांधलेली एस.टी. धुळे, पारोळा, एरंडोल या मार्गावर मागावी. खर्चाच्या मानाने एवढा मोठा लाभ देणारी दुसरी मागणी या मुलखापाशी नाही.

दुसरी मागणी रुळांची. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे-नरडाणा लोहमार्गाचे भूमिपूजन झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरांच्या इंदूर-मनमाड मार्गास मंजुरी दिली. हे काम पुरे झाले म्हणजे धुळे प्रथमच फाट्याच्या टोकावरून उठून वाटेवर येईल, आणि तापीकाठच्या मार्गास जोडले जाऊन अमळनेरवरून जळगावशीही त्याचे नाते जुळेल. वळसा तेव्हाही राहील. पण दोन्ही शहरांच्या मालास आणि माणसांस एकाहून अधिक वाटा मिळतील, आणि एक वाट बंद पडली तरी मुलूख अडणार नाही.

तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची, आणि ती वेगाची नाही. विमानसेवेस दिलेले शासकीय साह्य ठराविक मुदतीनंतर एकदम न तोडता प्रवासीसंख्येच्या वाढीबरोबर क्रमाक्रमाने कमी व्हावे, आणि सेवा देणाऱ्या कंपनीवर ती किमान काही वर्षे अखंड चालविण्याचे बंधन असावे. पाटण्याच्या दात्यांनी मठास जे दिले ते एका पिढीपुरते नव्हते. अध्ययन चालू राहावे एवढ्यासाठी त्यांनी कायमचे उत्पन्न लावून दिले, आणि म्हणूनच त्या लेखाची थोरवी. आठवड्यातून चारच दिवस येणारे, पण दहा वर्षे न चुकता येणारे विमान खान्देशास हवे. चाळीस मिनिटांच्या उड्डाणाचा अभिमान आपण बाळगू शकतो. परंतु त्याच्या आधारावर आयुष्याचा बेत आखता यावा, यासाठी त्याचे वेळापत्रक रेल्वेच्या वेळापत्रकाइतके नित्याचे झाले पाहिजे, आणि ते तसे करून घेण्याचा हक्क कर भरणाऱ्या या मुलखाने दोन्ही कचेऱ्यांतून एकाच आवाजात मागितला पाहिजे.